चामड्याचे माप : रापी चालवण्याआधीचे गणित

चामडे आणि कापड या दोन्ही वस्तू मापानेच कापल्या जातात. पण चुकीच्या कापाची किंमत दोन्हीकडे सारखी नसते. कपडा घट्ट झाला तर शिंपी शिवण उसवतो, आतला दाब सोडतो आणि तोच कपडा बोटभर सैल करून देतो. चामड्यात ही सवलत नाही. आरीने पडलेले भोक बुजत नाही आणि रापीने काढलेला काप जुळत नाही. म्हणून या धंद्यात निम्मे काम रापी हातात घेण्याआधी, कागदावर आणि पुठ्ठ्यावर होते. हे काम म्हणजे मापाचे गणित. ते सातवी-आठवीच्या गणितापलीकडचे नाही. फक्त ते नीट मांडावे लागते.

प्रस्तुत लेखक हा व्यवसायाने कारागीर नाही. बँकेच्या नोकरीत स्वयंरोजगाराच्या कर्जाचे अर्ज आणि त्यांच्यासोबतची अंदाजपत्रके नेहमी नजरेखालून जातात. चामड्याच्या वस्तूंच्या अंदाजपत्रकात एक गोष्ट वारंवार दिसते. यंत्र, हत्यारे, जागेचे भाडे यांचे आकडे चोख असतात. पण 'कच्चा माल' या रकान्यात एक गोल आकडा ठोकून दिलेला असतो. एका वस्तूला चामडे किती लागेल, असे विचारले तर उत्तर येते, "अंदाजाने." हा अंदाज चुकला की नफा तिथेच संपतो आणि हप्ता थकतो. मग दोष धंद्याला दिला जातो. वास्तविक दोष गणिताचा असतो. कारागिरांकडे बसून आणि त्यांना विचारून जे समजले, ते येथे सोप्या शब्दांत मांडत आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच बोलावी. चामड्याचे काम म्हटले की आपल्यातील काही जण मान फिरवतात. त्याला इतिहासाचे कारण आहे. मेलेली जनावरे ओढण्याचे गावकीचे सक्तीचे काम नाकारावे, ही बाबासाहेबांच्या चळवळीची शिकवण होती आणि ती योग्यच होती. परंतु लादलेली गावकी वेगळी आणि स्वतःच्या मर्जीने शिकलेले, हिशेबाने चालवलेले आणि योग्य भावाने विकलेले कौशल्य वेगळे. आज बॅग, पाकीट, पट्टा बनवण्याचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत आहे आणि ते कोणत्याही घरातील मुलामुलीला घेता येते.

मापाचे साधन एकच ठेवा

आपले जुने कारागीर बोट, वीत आणि हात या मापांनी काम करत. 'चार बोटे पट्टा', 'वीतभर तळ' असे शब्द अजून ऐकू येतात. एकाच माणसाने एकाच घरासाठी काम करायचे असेल तर हे चालते. पण प्रत्येकाचे बोट वेगळे. गुरूचे चार बोटे आणि शिष्याचे चार बोटे यांत अर्धा इंच फरक सहज पडतो. आपल्या देशात दशमान वजनमापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तरीही या धंद्यात आजही दोन्ही पद्धती नांदतात. चामडे चौरस फुटावर विकले जाते, पट्टा इंचात मोजतात, जाडी मात्र मिलिमीटरमध्ये सांगतात. म्हणून एक समीकरण पाठच करावे : १ इंच म्हणजे २५.४ मि.मी., म्हणजेच २.५४ सें.मी. एका वस्तूचे सर्व माप एकाच पद्धतीत लिहावे. अर्धे इंचात आणि अर्धे सेंटिमीटरमध्ये लिहिलेला कागद हे चुकीचे आमंत्रण समजावे.

साधने थोडीच लागतात. पोलादी फूटपट्टी, काटकोनासाठी गुण्या, कंपास, शिंप्याचा टेप, टोकदार पेन्सिल आणि जाड पुठ्ठा. कापडी टेप वर्षानुवर्षे वापरून ताणला जातो आणि त्याच्या टोकाची पत्र्याची पट्टी झिजते किंवा निघून जाते. म्हणून टेप अधूनमधून पोलादी पट्टीशी ताडून पाहावा. गोल भाग टेपने मोजावा, सरळ भाग पट्टीनेच मोजावा.

चामडे विकत घेताना

चामडे हे कापडासारखे लांबी-रुंदीचे नसते. त्याला मान असते, पाय असतात, पोटाकडची वेडीवाकडी कड असते. त्यामुळे त्याचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी करून निघत नाही. कमावलेल्या चामड्याच्या मागील बाजूस क्षेत्रफळाचा आकडा बहुधा लिहिलेला असतो. तो बरोबर आहे की नाही हे पाहण्याची रीत विद्यार्थ्यांनी भूमितीत शिकलेलीच आहे. मोठ्या कागदावर १० सें.मी. बाजूचे चौरस आखावेत आणि त्यावर चामडे पसरून कड आखावी. पूर्ण चौरस मोजावेत. अर्ध्याहून अधिक भरलेला चौरस एक धरावा, अर्ध्याहून कमी भरलेला सोडून द्यावा. असा एक चौरस म्हणजे १०० चौ. सें.मी. एका चौरस फुटात ९२९ चौ. सें.मी. असतात, म्हणजे असे सुमारे ९.३ चौरस. मोजलेले चौरस ९.३ ने भागले की चौरस फूट मिळतात. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा हा कागद दाखवणे बरे.

क्षेत्रफळाइतकेच महत्त्व जागेला आहे. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट आणि सारख्या जाडीचे असते. पोटाकडचे सैल असते आणि ताणले जाते. मानेवर सुरकुत्या असतात. पाठीच्या कण्याच्या दिशेने कापलेला पट्टा कमी ताणतो, आडवा कापलेला जास्त ताणतो. म्हणून तळ आणि कमरपट्टा पाठीतून काढावा आणि पोटाकडचे चामडे जिथे ओढ बसत नाही अशा भागांना वापरावे. चपलेच्या जोडीचे दोन्ही पट्टे शेजारीशेजारी आणि एकाच दिशेने कापावेत. नाहीतर दोन महिन्यांत एक पाय सैल आणि एक घट्ट अशी तक्रार येते.

मापाची पाच पावले

कोणतीही वस्तू घ्या, तिच्या साच्याचे माप पाच पावलांनी निघते.

१) मूळ माप : आत जी वस्तू बसणार तिचे, किंवा शरीराच्या भागाचे खरे माप.

२) मोकळीक : वस्तू आत सहज जावी आणि बाहेर यावी यासाठी सोडलेली जागा. ही मिळवायची.

३) शिवणीची जागा : कडेपासून शिवणीच्या ओळीपर्यंतचे अंतर. शिवण जितक्या बाजूंना, तितक्या वेळा मिळवायची.

४) जाडीचा हिशेब : चामडे जिथे वळते तिथे त्याची स्वतःची जाडी लांबी खाते. ही मिळवायची.

५) ताण : वापराने जो भाग ताणणार आहे तिथे थोडे वजा करायचे.

पहिली तीन पावले बहुतेकांना माहीत असतात. चौथे विसरले जाते आणि वस्तू 'का कोण जाणे' घट्ट होते. चौथ्यामागचे कारण असे. चामडे वळवले की त्याची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणते. लांबी कायम राहते ती मधल्या थराची. म्हणून वळणाचे माप वस्तूच्या पृष्ठभागावर न घेता चामड्याच्या निम्म्या जाडीइतके बाहेर घ्यावे लागते. पूर्ण वेढा असेल तर लांबी जाडीच्या ३.१४ पट वाढते. अर्धा वेढा असेल तर त्याच्या निम्मी. एवढा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

उदाहरण पहिले : रोजनिशीचे कव्हर

समजा, रोजनिशी १८ सें.मी. उंच, १२ सें.मी. रुंद आणि १.५ सें.मी. जाड आहे. चामडे १.५ मि.मी. जाडीचे आहे. शिवण कडेपासून ४ मि.मी. आत घ्यायची आणि मोकळीक प्रत्येक बाजूला २ मि.मी. ठेवायची.

उंची : १८ सें.मी. अधिक वरची आणि खालची मोकळीक व शिवण. एका बाजूला २ + ४ = ६ मि.मी., दोन बाजूंना १२ मि.मी. म्हणजे एकूण १९.२ सें.मी.

रुंदी : पुढचे पान १२, पाठ १.५, मागचे पान १२, मिळून २५.५ सें.मी. पाठीकडे चामडे दोनदा काटकोनात वळते, म्हणजे एकूण अर्धा वेढा. त्याची वाढ ३.१४ गुणिले १.५ भागिले २, म्हणजे सुमारे २.४ मि.मी. डाव्या आणि उजव्या कडेला पुन्हा ६-६ मि.मी. सर्व मिळून २६.९४, म्हणजे २७ सें.मी. धरावे.

आत दोन खिसे लागतात, ज्यांत रोजनिशीची पुठ्ठ्याची पाने सरकतात. ते ५ सें.मी. रुंद आणि १९.२ सें.मी. उंच असे दोन वेगळे तुकडे कापावेत.

आता क्षेत्रफळ. मोठा तुकडा २७ × १९.२ = ५१८.४ चौ. सें.मी. दोन खिसे मिळून १९२ चौ. सें.मी. एकूण ७१०.४ चौ. सें.मी., म्हणजे ७१०.४ भागिले ९२९ = ०.७६५ चौरस फूट. हा आकडा नोंदवून ठेवावा. पुढे अंदाजपत्रकात तो लागणार आहे.

उदाहरण दुसरे : गोल बाटलीचे आवरण

बाटलीचा व्यास ८ सें.मी. आहे. शाळेतील सूत्राने परीघ ३.१४ × ८ = २५.१ सें.मी. एवढ्याच लांबीचा तुकडा कापून कड कडेला भिडवून शिवला तर आवरण बाटलीवर चढत नाही. कारण चामडे २ मि.मी. जाड आहे. मधल्या थराचा व्यास ८ नसून ८.२ सें.मी. होतो आणि परीघ होतो २५.७ सें.मी. हा ६ मि.मी.चा फरक म्हणजेच जाडीचा हिशेब. वर बाटली सहज सरकण्यासाठी ३-४ मि.मी. मोकळीक दिली की साधारण २६.१ सें.मी. लांबी येते. कड कडेवर चढवून शिवायचे असेल तर एकमेकांवर येणारी जागा आणखी वाढवावी. चामडे जितके जाड, तितकी ही वाढ मोठी. म्हणून दुसऱ्या चामड्यासाठी केलेला साचा पाहिल्याशिवाय वापरू नये.

उदाहरण तिसरे : कमरपट्टा

कमरपट्टा ही सोपी वस्तू वाटते, पण बाजारात सर्वांत जास्त परत येणारी वस्तूही तीच. माप विजारीवरून, जिथे पट्टा बसतो तिथेच घ्यावे. विजारीच्या दुकानातला नंबर धरू नये, कारण त्या नंबरात आणि खऱ्या कमरेत बऱ्याचदा दोन-तीन इंचांचा फरक असतो.

समजा, माप ३४ इंच आले. पट्टा ४ मि.मी. जाड आहे. पूर्ण वेढा असल्याने वाढ ३.१४ × ४ = १२.६ मि.मी., म्हणजे अर्धा इंच. झाले ३४.५ इंच. आता या वेढ्यात बक्कलही येते. बक्कलाच्या ज्या दांडीवर चामडे दुमडते तिथपासून पुढच्या कडेपर्यंत बक्कल दीड इंच असेल, तर तेवढे चामडे कमी लागते. ३४.५ वजा १.५ म्हणजे ३३ इंच. दुमडीपासून मधल्या भोकापर्यंतचे हे अंतर.

भोके पाच ठेवावीत, एकेक इंचावर. मधले भोक गिऱ्हाइकाच्या मापावर असावे, म्हणजे दोन इंच वाढले तरी चालते आणि दोन इंच उतरले तरी चालते. मधल्या भोकापुढे दोन भोकांचे २ इंच आणि शेवटच्या भोकापासून टोकापर्यंत ४ इंच. झाले ३९. बक्कलात दुमडण्यासाठी अडीच इंच. एकूण लांबी साडेएकेचाळीस इंच. दुकानात '३४ चा पट्टा' म्हणून अडतीस इंचांचा तुकडा कापला जातो आणि तो का अपुरा पडतो, ते यावरून ध्यानात येईल. पट्ट्याची रुंदी बक्कलाच्या आतल्या रुंदीपेक्षा एक-दोन मि.मी. कमी ठेवावी, म्हणजे कडा घासत नाहीत.

उदाहरण चौथे : चप्पल

चपलेत माप जिवंत शरीराचे घ्यायचे असल्याने काळजी अधिक लागते. पाय बसून मोजू नये. उभे राहिल्यावर अंगाचा भार पडतो आणि पाय लांबीला व रुंदीला पसरतो. दिवसभराच्या श्रमानंतर पाय थोडे सुजतात, म्हणून सायंकाळचे माप चांगले. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात. साचा मोठ्या पायाचा करावा.

पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात एक गोम आहे. साधी पेन्सिल सुमारे ७ मि.मी. जाड असते आणि तिचे टोक मध्यभागी असते. पेन्सिल सरळ उभी धरली तरी रेघ पायापासून साडेतीन मि.मी. दूर उमटते. टाचेला साडेतीन आणि बोटाला साडेतीन मिळून ७ मि.मी. वाढ होते. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचा फरक साडेआठ मि.मी. असतो. म्हणजे नुसत्या पेन्सिलीमुळे चप्पल जवळपास एक नंबर मोठी होते! पेन्सिल आत तिरकी गेली तर उलट चूक होते. उपाय सोपा आहे. टाच भिंतीला टेकवून उभे राहावे, सर्वांत लांब बोटापुढे एक जाड पुस्तक काटकोनात टेकवावे आणि भिंत ते पुस्तक अंतर पट्टीने मोजावे. पेन्सिलीची रेघ आकारासाठी वापरावी आणि लांबी या मापाने पक्की करावी.

पायाची लांबी २५ सें.मी. आली असे समजा. उघड्या चपलेच्या तळाला पुढे ६ मि.मी. आणि टाचेमागे ४ मि.मी. जागा द्यावी. तळ २६ सें.मी. होतो. चालताना पाय पुढे सरकतो, म्हणून पुढची जागा थोडी जास्त.

पायावरचा पट्टा कधीही रुंदीवरून काढू नये. पायाच्या वरचा भाग उंच आणि तिरका असतो. वर्तमानपत्राची पट्टी पायावर जिथे पट्टा बसणार तिथे टाकावी, दोन्ही बाजूंना तळाच्या कडेशी दाबून खूण करावी आणि मग सपाट करून मोजावी. पट्टीची पुढची आणि मागची कड वेगवेगळी मोजावी. समजा, पुढची कड १७ सें.मी. आणि मागची १८ सें.मी. आली. पट्टा तळाच्या दोन थरांत प्रत्येक बाजूला २ सें.मी. शिरतो. ते मिळवून २१ आणि २२ झाले. वापराने पट्टा ताणतो, म्हणून ४ मि.मी. वजा करावे. राहिले २०.६ आणि २१.६ सें.मी. हाच पट्ट्याचा साचा. डाव्या पायासाठी काढलेला पुठ्ठा उलटा केला की उजव्या पायाचा साचा मिळतो. दोन्ही पायांसाठी वेगळे आखत बसू नये. तिथे चूक शिरते.

नंबर म्हणजे काय?

दुकानात सात नंबर, आठ नंबर म्हणतात, त्यामागे एक हिशेब आहे. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मि.मी. मोजणी चार इंचांपासून सुरू होते, लहान मुलांचे १३ नंबर संपले की मोठ्यांचा १ नंबर पुन्हा सुरू होतो. म्हणून मोठ्यांच्या नंबरात २५ मिळवून ३ ने भागले की फर्म्याची लांबी इंचात येते. सात नंबर : ७ + २५ = ३२; ३२ भागिले ३ = १०.६७ इंच, म्हणजे २७.१ सें.मी. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. तिथला ४१ नंबर म्हणजे २७.३ सें.मी. म्हणून इंग्रजी ७ आणि युरोपीय ४१ जवळजवळ येतात. ही लांबी फर्म्याची आहे, पायाची नव्हे. बंद बुटात पाय फर्म्यापेक्षा साधारण दीड सेंटिमीटर आखूड असतो.

नंबर वाढवताना लांबी साडेआठ मि.मी. वाढते, पंजाचा घेर मात्र साधारणपणे पाव इंच, म्हणजे सव्वासहा मि.मी. वाढवतात. काही जण साचा झेरॉक्सवर मोठा करून घेतात. त्यात शिवणीची जागाही मोठी होते, बक्कलाची जागाही बदलते आणि भोके सरकतात. शिवण, दुमड आणि बक्कल यांची मापे नंबराबरोबर वाढत नाहीत. आधी ती वजा करावीत, उरलेले माप वाढवावे आणि मग ती पुन्हा मिळवावीत.

हे दोन्ही नंबर परदेशी पायांवरून आले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९४८ सालची, डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे यंत्राने घेतली. भारतीय पाय सर्वसाधारणपणे अधिक रुंद असल्याचे त्यातून दिसले आणि 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. आपल्याकडे अनेकांना बूट लांबीला बरोबर आणि पंजाला घट्ट का होतो, त्याचे उत्तर इथे आहे. ज्याच्या हाती टेप आहे तो कारागीर पंजाही मोजू शकतो. मोठ्या कारखान्यापुढे त्याची ही जमेची बाजू आहे.

नासाडीचा हिशेब

आता रोजनिशीच्या कव्हराकडे परत जाऊ. एका संस्थेने बारा कव्हरांची ऑर्डर दिली असे समजा. निव्वळ चामडे ०.७६५ × १२ = ९.१८ चौरस फूट. परंतु कडा, डाग, भोके आणि तुकड्यांमधील जागा यांत काही चामडे वाया जाणारच. समजा, आपल्या अनुभवाने शंभरातील पंचवीस भाग वाया जातात.

येथे बहुतेक जण ९.१८ मध्ये पंचवीस टक्के मिळवतात आणि ११.४७ चौरस फूट चामडे आणतात. हे चूक आहे. वाया जाणारे पंचवीस टक्के हे आणलेल्या चामड्याचे असतात, लागणाऱ्या चामड्याचे नव्हे. आणलेल्या ११.४७ चौरस फुटांपैकी पाऊण भाग, म्हणजे ८.६ चौरस फूट कामी येतो. त्यात अकरा कव्हरे निघतात. बारावे निघत नाही. योग्य रीत म्हणजे निव्वळ माप ०.७५ ने भागणे : ९.१८ भागिले ०.७५ = १२.२४ चौरस फूट. फरक पाऊण चौरस फुटाचा दिसतो, पण त्या फरकामुळे ऑर्डर अपुरी राहते किंवा एका कव्हरासाठी पुन्हा बाजार गाठावा लागतो. तिथे त्याच रंगाचे चामडे मिळेलच असे नाही.

नासाडीचा टक्का दुसऱ्याच्या अनुभवावरून घेऊ नये. पहिल्या चार-पाच कामांत आणलेले चामडे आणि तयार तुकड्यांचे क्षेत्रफळ दोन्ही वहीत लिहावे. तुमच्या हाताचा टक्का त्यातून निघेल. पुठ्ठ्याचे तुकडे चामड्यावर आधी मांडून पाहिले, मोठे तुकडे पाठीवर आणि लहान तुकडे फटीत बसवले, तर तो टक्का खाली येतो. खाली आलेला प्रत्येक टक्का म्हणजे नफा.

कर्जाच्या अर्जाला जोडायचे अंदाजपत्रक याच रीतीने मांडावे : एका वस्तूचे निव्वळ माप, नासाडीसह माप, चौरस फुटाचा भाव, दोरा, बक्कल, सोल्यूशन, मजुरी. असे मांडलेले अंदाजपत्रक तपासणाऱ्याला समजते आणि अर्जदाराला आपला धंदा कळतो हे त्याला दिसते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ (स्थापना १९७८) आणि चर्मकार समाजासाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (स्थापना १९७४) यांच्या योजना आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत पादत्राणे बनवणारे कारागीर येतात. तीत हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद ठेवण्यात आली. अर्ज करण्यापूर्वी अटी समक्ष विचारून घ्याव्यात.

साचा ही मालमत्ता आहे

तयार झालेला पुठ्ठ्याचा साचा फेकू नये. त्यावर वस्तूचे नाव, नंबर, चामड्याची जाडी, तुकड्यांची संख्या, कण्याची दिशा दाखवणारा बाण, शिवणीची आणि दुमडीची रेघ व तारीख लिहावी. नवा साचा आधी जुन्या रेक्झिनच्या तुकड्यावर कापून, टाचून पाहावा आणि नंतरच चामड्याला हात लावावा. दुरुस्ती झाली तर ती पुठ्ठ्यावरही लिहावी.

हे का लिहायचे, ते कोल्हापुरी चपलेवरून समजेल. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीची शिवण, कापशी आणि पायताण असे वेगवेगळे प्रकार. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेले. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांना मिळून आहे. आपला परभणी जिल्हा त्यात नाही. म्हणून येथे बनवलेल्या चपलेवर ते नाव न घालता आपल्याच गावाचे नाव घालावे, हे उत्तम. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या आणि मूळ कारागिरांचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर त्या कंपनीने भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. आवाज उठवता आला, कारण नाव आणि परंपरा यांची नोंद झालेली होती. ज्या कारागिराचे माप केवळ त्याच्या बोटांत असते, त्याच्यासाठी असा आवाज उठवणे कठीण असते. त्याच्यामागे ते माप मुलांनाही मिळत नाही.

पूर्णा नदीवरचे आपले येलदरीचे धरण दगडमातीत उभे राहण्याआधी कागदावर उभे राहिले होते. तिथे जो नियम, तोच वीतभर पाकिटाला. विद्यार्थी मित्रांनी एक करून पाहावे. घरातील एखादे पुस्तक घ्यावे, वरील पाच पावलांनी त्याच्या कव्हराचे माप काढावे आणि जुन्या पुठ्ठ्यावर ते कापून पाहावे. पुठ्ठ्याची किंमत काही नाही. पुस्तक आत सहज सरकले तर गणित बरोबर. अडले तर पाचांपैकी कोणते पाऊल राहिले ते शोधावे. घरात कोणी कारागीर वडीलधारे असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे आणि त्यांच्या 'चार बोटां'चे मिलिमीटर करून ठेवावेत. हे काम आजच करण्याजोगे आहे, आणि शिकलेल्या मुलांनीच ते करायचे आहे.